खंडेनवमीला पुजलेले पासपोर्ट

चिंतामणी राऊळने आयुष्यात कधी छत्री हरवली नाही. मुंबईत राहणाऱ्या माणसाबद्दल असं काही सांगितलं तर ऐकणारा थापच समजेल, पण लालबागच्या त्याच्या चाळीत या गोष्टीला साक्षीदार होते. लाकडी मुठीची एकच काळी छत्री त्याने लग्नापासून रिटायर होईपर्यंत वापरली. काड्या बदलल्या, कापड दोनदा बदललं, पण छत्री तीच, असं तो छातीवर हात ठेवून सांगे. चाळीत कोणाचा गॅसचा पाना सापडेना, कोणाच्या कुलपाची दुसरी चावी मिळेना, की लोक म्हणत, चिंत्याला विचारा. आणि चिंत्याकडे ती वस्तू असायचीच, कागदात गुंडाळून, वर दोरा बांधून.

असा माणूस स्वित्झर्लंडमध्ये स्वतःचा आणि बायकोचा पासपोर्ट विसरून आला, हे कळल्यावर चाळीतले लोक आधी हसले. पुढे जे झालं ते बघून मग कोणी हसलं नाही.

हे त्याच्या बेपर्वाईमुळे घडलं असतं तर त्याला दोन शिव्या घालून मोकळं होता आलं असतं. पण ते घडलं त्याच्या नेमामुळे. चिंतामणीचा बाप कापडाच्या मिलमध्ये साचे, म्हणजे माग, चालवायचा. खंडेनवमीला मिलमधले साचे पुसून त्यांना झेंडूच्या माळा घालत, घरी आई आपली विळी आणि पाटावरवंटा मांडे. तिचा नियम एकच होता. पुजलेलं हत्यार दसऱ्याची अंघोळ करून, नमस्कार करून मगच उचलायचं. तोवर त्याला हात लावायचा नाही, मग भाजी चिरायची राहिली तरी बेहत्तर. चिंतामणी पुढे रे रोडच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर टर्नर झाला आणि हा नियम त्याने तिथे नेला. एका वर्षी नेमकी खंडेनवमीला शेठची अर्जंट ऑर्डर आली. शेठ ओरडला, हात जोडले, पुन्हा ओरडला. चिंतामणी माळ घातलेल्या मशीनसमोर स्टुलावर बसून राहिला. "मशीन आज बसलंय शेठ," तो म्हणाला, "उद्या अंघोळीनंतर उठेल."

रिटायर झाल्यावर मुलगी प्राची म्हणाली, बाबा, तुम्ही दोघं युरोप बघून या. तिने आगाऊ पैसे भरून एका ग्रुप टूरमध्ये नावं घातली. त्या वेळी चाळ पाडायची गोष्ट हवेत होती, पण ती हवेत असायची लोकांना सवयच झाली होती. चाळीच्या जागी नवीन टॉवर येणार हे ऐकत मुलं मोठी झाली, त्यांची लग्नं झाली, त्यांची मुलं शाळेत जाऊ लागली. आणि मग टूरच्या तोंडावर खरोखरच नोटीस लागली. दसऱ्यानंतरच्या मंगळवारपर्यंत सगळ्या खोल्या रिकाम्या करायच्या. राऊळांना अँटॉप हिलला एका इमारतीत तात्पुरती जागा मिळाली होती. टूर शनिवारी परत येणार होती, म्हणजे मंगळवारला अवकाश होता. चिंतामणीने बरंचसं सामान आधीच हलवलं. राहिली फक्त आई, तिची खाट आणि देव.

आईचं नाव सुभद्रा. नव्वदीला टेकलेली, कानाने कमी, आणि अलीकडे कधी कधी आजचा दिवस कुठला ते न आठवणारी. पण लग्न होऊन मालवणहून आली त्या दिवशी याच उंबऱ्यावरचं माप ओलांडलं होतं, हे तिला स्वच्छ आठवत होतं. ती म्हणाली, "जाऊक माझी ना नाय. पण तू माझो हात धरून भायर काढ. तू येयसर मी हयसून हलूचंय नाय."

"शनिवारी येतोय ना आई मी."

"मग शनिवारी हलतंय," ती म्हणाली. प्राची ठाण्याहून आजीजवळ राहायला आली, आणि चिंतामणी निश्चिंत मनाने विमानात बसला.

टूर कंपनीने प्रत्येकाला गळ्यात अडकवायची एक पिशवी दिली होती. बाकीच्यांनी ती दुसऱ्या दिवशी बॅगेत टाकली. चिंतामणी ती गळ्यात घालून जेवला, झोपला, बर्फात उभा राहून फोटो काढले तेही शर्टाखाली ती पिशवी घेऊन. बायको शालिनी म्हणायची, "अहो, मंगळसूत्रसुद्धा मी इतकं जपलं नाही." तो म्हणायचा, "यात आपण दोघं आहोत. हे गेलं तर आपण इथे कोणीच नाही." बोलायला एवढं नेमकं बोलला बिचारा.

शेवटचा मुक्काम डोंगरातल्या एका लहान हॉटेलात होता. त्या दिवशी खंडेनवमी आली. चिंतामणीला सकाळपासून चुकल्यासारखं होत होतं. जन्मात पहिल्यांदाच या दिवशी पुजायला हाताशी हत्यार नव्हतं. संध्याकाळी खोलीत येरझारा घालताना त्याला एकदम सुचलं. या प्रवासात ज्याच्याशिवाय एक पाऊल टाकता येत नाही, ती वस्तू कुठली? त्याने पिशवीतून पासपोर्ट काढले.

"पासपोर्टाची कसली पूजा?" शालिनी म्हणाली.

"का? हत्यार म्हणजे हातोडीच असते का? ज्याच्यावर आपलं चालतं ते हत्यार."

शालिनीने हसत हसत का होईना, कुंकवाची डबी काढून दिली, खिचडीसाठी आणलेल्या तांदळातले चार दाणे दिले. खिडकीतल्या कुंडीतलं एक तांबडं फूल त्याने कोणाला न विचारता तोडलं. निरांजन लावायचं नव्हतं, धुराने घंटा वाजतात असं टूर मॅनेजर श्रेयाने बजावून ठेवलं होतं. पूजा मांडायची कुठे? टेबलावर तर खाणंपिणं चालतं. घरी देवाची फळी उंचावर असते, म्हणून त्याने कपाटाचा सगळ्यात वरचा, उशा ठेवायचा कप्पा निवडला. रुमाल अंथरला, त्यावर पासपोर्ट, वर फूल. हात जोडले. खूप दिवसांनी त्याला घरी असल्यासारखं वाटलं.

दसऱ्याच्या पहाटे श्रेयाने दारं वाजवली. वर बर्फ पडायला लागलं होतं, घाटातला रस्ता बंद व्हायच्या आत बस काढायची होती. अंघोळी विमानतळावरच्या हॉटेलात करा, नाश्ता पुड्यांत देतो, पण आत्ताच्या आत्ता खाली या, असं तिने सांगितलं. धावपळ उडाली. लेथवर कामाचा एक क्रम असतो, आणि त्यातली एक पायरी गाळली की पुढचा सगळा जॉब चुकतो, हे चिंतामणी शिकाऊ पोरांना आयुष्यभर शिकवत आला होता. त्याचा आपला क्रम ठरलेला होता: अंघोळ, नमस्कार, मग उचलणं. अंघोळ झाली असती तर हात आपोआप कपाटाकडे गेला असता. अंघोळच झाली नाही. त्याने गळ्यात पिशवी अडकवली. तिच्यात चष्मा होता, सुटी नाणी होती, आईने दिलेल्या अंगाऱ्याची पुडी होती. छातीवर ओझं जाणवलं आणि जीव शांत झाला.

बर्फामुळे बस उशिरा पोचली, हॉटेलातल्या अंघोळी राहूनच गेल्या, आणि झुरिकच्या विमानतळावर रांगेत त्याचा नंबर आला. त्याने पिशवीत हात घातला, आणि तो हात तिथेच राहिला. त्याने बॅग उघडली नाही, खिसे चाचपले नाहीत. बाकीचे लोक "शोधा, शोधा, असेल इथेच" म्हणत होते, आणि तो नुसता बायकोकडे बघत होता. त्याला ते कुठे आहेत हे पक्कं माहीत होतं. कप्पा दिसत होता, फूलही दिसत होतं.

"अहो," शालिनी म्हणाली, आणि तिच्याही लक्षात आलं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त तिथल्या बाकावर जाऊन बसली आणि पदर तोंडाला लावला.

श्रेयाने हॉटेलला फोन लावला. तिकडून टेपवरच्या बाईचा आवाज आला. त्यांचा सीझन त्या दिवशी सकाळी संपला होता. राऊळांचा ग्रुप शेवटचा. हॉटेल कुलूप लावून बंद झालं होतं आणि मालक कुठे गेला होता ते त्या टेपला माहीत नव्हतं. श्रेया पंचविशीतली पोरगी, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "काका, बाकीच्यांना घेऊन मला जावंच लागेल. ऑफिस तुमच्याशी बोलेल. तुम्ही घाबरू नका." हे शेवटचं ती स्वतःलाच सांगत होती.

ग्रुपमधल्या लोकांनी उरलेल्या चकल्या, लाडू, लोणच्याची बाटली असं सगळं त्यांच्या हातात कोंबलं. एका काकूंनी वाटेत झाडाखालची पिवळी पानं गोळा केली होती. "आपटा नाही, पण सोनं म्हणून घ्या," त्या म्हणाल्या, आणि सगळ्यांनी त्या दोघांना पानं दिली, पायाही पडले. मग सगळे काचेपलीकडे गेले. दोघं हातात पानं घेऊन अलीकडे उभे राहिले.

मुंबईच्या ऑफिसातून फोन आला. बर्नला आपल्या वकिलातीत जाऊन परत जायचे तात्पुरते कागद करावे लागतील, पण आज तिथे सुट्टी आहे.

"कसली सुट्टी?" चिंतामणीने विचारलं.

"दसऱ्याची, काका."

इतक्या लांब परमुलखात दसरा एकट्या आपल्यालाच आठवतोय, अशी त्याची समजूत होती. तो भारत सरकारलाही आठवला होता. पुढे शनिवार-रविवार. म्हणजे सोमवार. करायला गेलो काय आणि वर झाले पाय, असं तो पुटपुटला, आणि मग त्याने बोटांवर दिवस मोजले. सोमवारी कागद मिळाले तरी मंगळवारी तो लालबागला पोचत नव्हता.

विमानतळाजवळच्या हॉटेलात कंपनीने त्यांना खोली दिली. त्या दोन दिवसांत त्याने काय केलं म्हणाल तर काहीच नाही. आयुष्यभर काही बिघडलं की त्याने पाना उचलला होता. इथे उचलायला काही नव्हतं. बाथरूमचा नळ ढिला होता, तो त्याने नाण्याने घट्ट केला. मग पुन्हा जरासा ढिला करून पुन्हा घट्ट केला. शालिनी बघत होती. तासातासाने तो डोंगरातल्या त्या हॉटेलला फोन लावून त्या टेपवरच्या बाईचं ऐकून घ्यायचा. ते पासपोर्ट पुढे महिन्याभराने टपालाने घरी आले, रुमालासकट, वाळलेल्या फुलासकट. साफसफाई करणाऱ्या बाईला ते काय आहे ते समजलं नसेल, पण कोणीतरी मनापासून मांडलंय एवढं समजलं असावं. तिने तांदळाचे दाणेही पाकिटात घातले होते. तोवर ते पासपोर्ट रद्द झालेले होते.

प्राचीला त्याने सगळं सांगितलं. ती शहाणी मुलगी. "बाबा, तुम्ही टेन्शन नका घेऊ. मी समजावते आजीला."

पण आजी समजण्यातली नव्हती. शनिवारी सकाळी ती नवं लुगडं नेसून खाटेवर बसली. चिंतामणी आला नाही. रविवारीही बसली. सोमवारी जेवताना तिने मुलाच्या जिवाची धास्ती घेऊन प्राचीला विचारलं, "माझो झील जितो आसा ना गो?" प्राचीने हे बापाला सांगितलं नाही. शालिनीला सांगितलं, आणि शालिनीला ते पोटात ठेवता आलं नाही.

सोमवारी बर्नच्या वकिलातीतल्या तरुण अधिकाऱ्याने विचारलं, "पासपोर्ट हरवले कसे?" चिंतामणीने खरं ते सांगितलं. अधिकाऱ्याचं लिहिणं थांबलं. तो हसेल म्हणून चिंतामणीने मान खाली घातली होती. "आमच्या घरी पप्पा स्कूटरला हार घालतात," तो हिंदीत म्हणाला आणि त्याने कागद त्याच दिवशी हातात दिले. पण विमानात जागा मिळाली ती मंगळवार दुपारची.

मंगळवारी ते विमानतळावर बसले असताना फोन वाजला. लालबागला तेव्हा दुपार झाली होती. पडद्यावर त्याचा बालमित्र जयवंत होता, समोरच्या खोलीतला.

"चिंत्या, अरे सगळी चाळ खाली झालीय. पाणी तोडलं, लाइट तोडली. बिल्डरची माणसं खाली उभी आहेत. तुझी आई खाटेची दांडी सोडत नाय रे."

"जया, एक दिवस. फक्त एक दिवस थांबव त्यांना. मी उद्या येतोय."

"सकाळपासून मीच थांबवून धरलंय त्यांना. कमिटीवाले पण पाया पडले त्यांच्या. वरच्या मजल्याची दारं काढतायत, आवाज येतोय ना तुला?"

आवाज येत होता. आपल्या चाळीचं लाकूड उखडताना कसा आवाज येतो तो चिंतामणी परदेशातल्या गुळगुळीत खुर्चीवर बसून ऐकत होता. त्याने सांगितलं, "आईला फोन दे."

प्राचीने फोन आजीच्या तोंडासमोर धरला. आईचा चेहरा पडद्यावर इतका मोठा आला की नुसते डोळेच दिसले.

"आई, मी चिंतामणी."

"खंय आसस?"

"वाटेत आहे आई. तू आता प्राचीचा हात धरून जा."

"तू ये. मगे."

तो बोलत राहिला, ती मान हलवत राहिली. वरून घणाचे घाव पडत होते आणि प्रत्येक घावाला म्हातारी दचकत होती. जयवंत मागे उभा राहून घड्याळ बघत होता. दोघं-तिघं धरून तिला उचलतील, ती ओरडेल, दांडीवरून तिची बोटं सोडवावी लागतील, हे सगळं चिंतामणीला डोळ्यांसमोर दिसलं. मग तो म्हणाला, "आई, ऐक. तू आता जा. मी आलो ना, की तुला परत घरी घेऊन येतो."

"खरां?"

त्याने शालिनीकडे पाहिलं. तिने मान फिरवली होती.

"खरां," तो म्हणाला.

आईने दांडी सोडली. इतकी सहज, की तिच्या पायाशी बसलेली प्राची गडबडून उठली. जयवंतने आणि चाळीतल्या दोन पोरांनी तिला खुर्चीत बसवून उचललं. उंबऱ्याशी तिने थांबायला लावलं, वाकता येईना म्हणून दोन बोटं जमिनीकडे नेऊन कपाळाला लावली. फोन प्राचीच्या हातात तसाच चालू होता. चिंतामणीला जिना दिसला, छत दिसलं, लोकांच्या चपला दिसल्या, एकदा क्षणभर आपलं दार दिसलं, तेही आडवं. मग फोन बंद झाला. पुढचा सगळा प्रवास तो मनाशी एकच गोष्ट घोळवत होता. आपण खोटं बोललो नाही. टॉवर झाला की वरच्या कुठल्यातरी मजल्यावर आपल्याला घर मिळणारच आहे, तेव्हा नेऊ की आईला. आणि प्रत्येक वेळी आईचं वय मध्ये येत होतं.

बुधवारी मुंबईत उतरल्यावर टॅक्सीवाल्याने विचारलं, कुठे? "लालबाग," चिंतामणी म्हणाला. शालिनीच्या लक्षात आलं, पण तिने त्याला टोकलं नाही. गल्लीच्या तोंडाशी निळे पत्रे लागले होते. फटीतून चाळ दिसत होती. दारं नव्हती, खिडक्या नव्हत्या. दुसऱ्या मजल्यावर त्यांच्या खोलीचा हिरवा रंग बाहेरून दिसत होता. आपल्या घराची आतली भिंत रस्त्यावरून दिसते, याची त्याला लाज वाटली. कोणाच्या तरी अंगावरचं वस्त्र ओढल्यासारखं झालं. तो परत टॅक्सीत बसला आणि म्हणाला, "अँटॉप हिल."

नव्या इमारतीत लिफ्टने वर गेले. दार प्राचीनेच उघडलं. ती बापाच्या गळ्यात पडेल असं शालिनीला वाटलं होतं, पण ती हळू आवाजात म्हणाली, "बाबा, कालपासून तिने चपला काढल्या नाहीत. झोपलीपण तशीच."

दाराच्या अगदी आत, गुंडाळलेल्या गादीवर आई बसली होती. तेच नवं लुगडं, पायांत चपला, मांडीवर गाठोडं. गाठोड्यातून विळीची मूठ बाहेर आली होती. खाट लावलेली होती, देव एका खोक्यात होते. तिने बाकी काहीच मांडू दिलं नव्हतं. त्याला बघून तिचा चेहरा असा उजळला, की सगळ्या प्रवासात आवरून धरलेलं चिंतामणीचं रडं तिथे फुटलं.

"इलंस?" आई म्हणाली. "रडतंस कित्या? इलंस ना. चल, घराक जावया."

"आई, बस जरा," शालिनी म्हणाली. "आत्ता आलेत ते. चहा तरी घेऊ दे."

"चाय घराक गेल्यार घेवया." तिने गाठोडं शालिनीकडे दिलं आणि हात पुढे केला. चिंतामणी म्हणाला तसं तिने ऐकलं होतं, आता ऐकायची पाळी त्याची होती.

प्राचीने बापाकडे पाहिलं. तो काहीतरी सांगेल म्हणून सगळ्या थांबल्या. चिंतामणीने आईचा हात धरला. तिला उठवून तो लिफ्टपर्यंत घेऊन गेला. खाली उतरले. वॉचमनने गेट उघडलं. आई एक एक पाऊल टाकत, मुलाच्या हाताला घट्ट धरून, गेटाबाहेर आली आणि थांबली. समोरून बस गेली, रिकामी टॅक्सी गेली. तिने एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे, आणि विश्वासाने मुलाकडे तोंड वळवलं.

"खंयच्या वाटेन जावचा रे?"